बिनब्रेकी आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी शर्यतीची सायकल आहे, आणि सुरुवातीलाच सांगून टाकते, माझा स्वभाव काही फार चांगला नाही. जुनी वस्तू बोलायला लागली की ऐकणाऱ्याला वाटते, आता ही बिचारी उन्हापावसाच्या चार शांत गोष्टी सांगणार. मी तशी नाही. मी जळकी आहे. एका सायकलीवर मी इतकी जळले की त्या आचेवर घरादाराचा स्वयंपाक झाला असता. तिचे नाव बिनब्रेकी. अर्थात, हे नाव मीच ठेवलेले. पण तिच्याकडे वळण्याआधी मी स्वतःचे थोडे कौतुक करून घेते, कारण ते करायला आता दुसरे कोणी रिकामे नाही.

माझा जन्म कारखान्यातल्या रांगेत झाला नाही. हाताने सायकली घडवणाऱ्या एका कारागिराने मला घडवले. लोक शिंप्याकडे जातात तसे त्याच्याकडे जात. तो पायांची लांबी मोजायचा, हात मोजायचा, खांदे बघायचा आणि मगच पोलादी नळ्या कापायला घ्यायचा. ज्याच्या मापाने मी बेतली गेले तो तेव्हा विशीतला, लांबलचक पायांचा, कमी बोलणारा मुलगा होता. घरात त्याला दादा म्हणत, म्हणून मीही दादाच म्हणते. माझे सांधे पितळ वितळवून असे भरले होते की बोट फिरवले तरी जोड लागू नये. वर गडद निळा रंग चढला. दादा मला न्यायला आला तेव्हा कारागीर म्हणाला, "पहिले काही दिवस कुरकुर करेल. तिकडं लक्ष देऊ नकोस." मित्रांनो, माझी कुरकुर ही अशी जन्मापासूनची आहे.

घर म्हणजे खाली लाँड्री आणि वर दोन खोल्या. लाँड्री आईवडील चालवत. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी गठ्ठ्यांनी यायच्या, मोठ्या यंत्रांत घुसळून निघायच्या आणि वाफेच्या लांबरुंद इस्त्रीखालून कागदासारख्या सपाट होऊन बाहेर पडायच्या. मागच्या खोलीत गरम पाण्याचे नळ भिंतीवरून गेले होते. तिथे माझी जागा. खोलीला साबणाचा आणि चेनच्या तेलाचा एकत्र वास यायचा आणि मला तो फार आवडायचा.

दादा माझ्यावर दोन हंगाम पळाला, आणि चांगला पळाला. मग वडील अचानक गेले. ओल्या चादरींचे गठ्ठे एकट्या आईला उचलवेनात. एका सकाळी दादा मला बाहेर काढायला आला नाही. तो इस्त्रीपाशी जाऊन उभा राहिला, आणि मग रोज तिथेच उभा राहू लागला. घरात याबद्दल कोणी काही बोलल्याचे मी ऐकले नाही. मला वाईट वाटले का? वाटले असेल. पण खरे सांगायचे तर वाईट वाटायला मला वेळच मिळाला नाही, कारण काही दिवसांतच त्याच्या धाकट्या बहिणीने मला मागून घेतले.

तिला सगळे भिंगरी म्हणत. ती जेवतानाही एका जागी बसायची नाही. अंगाने सडपातळ, पायाने दादासारखीच लांब, आणि तोंडाने अखंड चालू. दादाने माझी सीट खाली घेतली, हँडल थोडे जवळ आणले आणि म्हणाला, "बघ, जमतंय का." जमायचे काय राहिले होते? पहिल्याच चढावर ती उभी राहून पायडल मारू लागली आणि मला कळले की आपले नशीब उघडले. माझी चामड्याची सीट हळूहळू तिच्या बसण्याला रुळली. तिचे तळवे कुठे टेकतात, घाम कुठे गळतो, थकली की डावा गुडघा कसा बाहेर जातो, हे सगळे मला ठाऊक झाले. पाय थांबवून ती उतारावरून निघाली की माझे मागचे चाक टिकटिक वाजायचे. ते माझे गाणे होते. ती त्याच्यावर शिट्टी वाजवायची.

रस्त्यावरच्या शर्यतीत गर्दीतून कसे घुसायचे, आडव्या वाऱ्यात दुसऱ्याच्या आडोशाला कसे राहायचे, कोणी खांद्याने रेटले तर न डगमगता परत कसे रेटायचे, हे सगळे ती माझ्यावर बसून शिकली. पहिल्या वर्षी ती पडायची, दुसऱ्या वर्षी पाडली जायची, आणि तिसऱ्या वर्षी जिंकायला लागली. वर्तमानपत्रात आमचा फोटो आला. त्यात माझे पुढचे चाक अर्धे कापलेले होते, पण मी मोठ्या मनाने सोडून दिले. दादा रोज संध्याकाळी लाँड्रीचे काम आटोपले की मला पुसायचा, चेनला तेल घालायचा आणि भिंगरीला शर्यतीबद्दल दहा प्रश्न विचारायचा. तेल घालणारा तेल घालतो, त्यात काय विशेष, असे मला तेव्हा वाटे.

भिंगरी अठरा वर्षांची असताना एका शर्यतीनंतर एक बाई आमच्यापाशी आल्या. करड्या केसांच्या, गळ्यात दुर्बीण अडकवलेल्या. एका मोठ्या व्यावसायिक संघासाठी त्या खेळाडू निवडायच्या.

"पुढचा हंगाम संपला की आमच्याकडं एक जागा रिकामी होणार आहे," त्या भिंगरीला म्हणाल्या. "पण मला रस्त्यावर आणि ट्रॅकवर दोन्हीकडं पळणारी मुलगी पाहिजे. ट्रॅकवर कधी उतरलीयस?"

"नाही."

"मग उतर. तो हंगाम संपेपर्यंत लक्ष ठेवते तुझ्यावर."

घरी आईने सगळे ऐकून घेतले. तिने हातातली चादर घडी करून ठेवली आणि म्हणाली, "हंगाम संपेपर्यंत ठीक. जागा मिळाली तर खुशाल जा, मी आडवी येणार नाही. नाही मिळाली तर मात्र दादाच्या शेजारी इस्त्रीला उभं राहायचं. माझे खांदे आता बोलायला लागलेत, आणि तो एकटा किती करणार?"

"चालेल," भिंगरी म्हणाली. ती चालेल म्हणाली खरी, पण वर जाताना तिने जिन्याची एकही पायरी गाळली नाही. एरवी ती दोन-दोन पायऱ्या चढायची.

आणि मग ती आली.

ट्रॅक म्हणजे काय ते तुम्हाला माहीत नसेल तर सांगते. एक मोठी लाकडी वाटी समजा, कडेला उभी चढत गेलेली. तिच्या आत गोल गोल पळायचे. त्यासाठी लागणारी सायकल तिथल्या कोचबाईंनी त्यांच्या क्लबातून भिंगरीला वापरायला दिली. मागच्या खोलीत माझ्या शेजारच्या खिळ्यावर तिला टांगले. पांढरी शुभ्र, काटकुळी. ब्रेक नाहीत. गिअर नाहीत. अंगावर एक दागिना नाही, आणि तरी मिरवणे बघा! तिचे चाक फिरते आहे तोवर पायडल फिरणारच, क्षणभरही पाय थांबवायची सोय नाही. वेग कमी करायचा तर पायांनीच उलटा जोर लावून फिरणे आवरत आणायचे. म्हणजे बसणाऱ्याला विसावा नाही की गाणे नाही. अशा या बयेत भिंगरीने काय पाहिले, देव जाणे. मी तिचे नाव बिनब्रेकी ठेवले, आणि त्या दिवसापासून माझ्या अंगाचा तिळपापड सुरू झाला.

नव्याचे नऊ दिवस, म्हणून मी स्वतःची समजूत घातली. नऊ दिवस गेले, थंडीचे महिने आले. रस्ते ओले, वारा बोचरा. भिंगरी रोज सकाळी यायची, माझ्यावरून हात लांबवून त्या पांढरीला खांद्यावर घ्यायची आणि निघून जायची. मी खिळ्यावर. माझ्या टायरातली हवा हळूहळू उतरत होती आणि माझा पारा चढत होता. परत आल्यावर ती जेवताना काय बोलते, ते जिन्यातून ऐकू यायचे. "आज ना मी वरच्या कडेवरून खाली झेप घेतली! कोचबाई म्हणतात, माझे पाय ट्रॅकसाठीच आहेत." कोचबाई असे म्हणतात, कोचबाई तसे म्हणतात. माझ्यावर बसून जिंकलेल्या शर्यतींचे पाय हवेतून आले होते काय?

या दुःखात मला एकच सोबती होता, तो म्हणजे दादा. त्यालाही ती पांढरी डोळ्यात खुपायची. "घाण्याच्या बैलासारखं गोल गोल फिरायचं, यात कसली आलीय शर्यत?" असे तो म्हणाला तेव्हा मला त्याचा फार अभिमान वाटला. पूर्वी भिंगरी शर्यतीहून आली की आधी त्याच्यापाशी इस्त्रीजवळ जायची आणि सगळे सांगायची. आता तो विचारायचा, "आज कसं झालं?" आणि ती म्हणायची, "मस्त. थांब, कोचबाईंना फोन करून येते." मग तो इस्त्रीखाली चादर जरा जोरातच ढकलायचा. जळणारा जळणाऱ्याला बरोबर ओळखतो. तरीही मागच्या खोलीत येऊन तो बिनब्रेकीच्या चेनलाही तेल घालायचा, माझ्याइतकेच. ही फितुरी मी त्याला मनातून माफ केली नव्हती.

थंडी सरली आणि रस्त्यावरच्या शर्यती सुरू झाल्या. दुर्बीणवाल्या बाई पहिल्याच मोठ्या शर्यतीला येणार होत्या. दादाने माझी हवा भरली, ब्रेक तपासले, मला आरशासारखे चकचकीत केले. मी मनात म्हटले, आता दाखवतेच. भिंगरी माझ्यावर बसली, आणि काहीतरी चुकल्यासारखे वाटले. वजन तेच, हात तेच. पण पाय माझे राहिले नव्हते. उतार आला तरी ते फिरतच राहिले. ते थांबवून वाऱ्यावर जायचे असते, हे ती विसरली होती. माझ्या मागच्या चाकाला टिकटिकायची संधीच मिळेना.

तरी ती पुढे होती. शेवटच्या फेरीत फक्त पाचसहाजणी आघाडीवर उरल्या आणि त्यांत ती होती. उतारावर एक कोपरा होता. पुढच्या मुलीने वेग एकदम कमी केला. अशा वेळी बोटांनी ब्रेक दाबायचा, एवढे तर शाळकरी पोरालाही कळते. भिंगरीने ब्रेक दाबला नाही. तिने पायांनी उलटा जोर लावला. बिनब्रेकीवर लावायची तसा! माझे पायडल रिकामेच मागे फिरले. माझ्या चाकाला त्याचा पत्ताही नाही, ते पुढेच धावले. अर्ध्या क्षणाने तिला ब्रेक आठवले, पण अर्धा क्षण उशीर झाला होता. आम्ही पुढच्या मुलीच्या चाकाला घासून थेट दगडी कठड्यावर आदळलो. माझा पुढचा दांडा वाकला आणि तिच्या गळ्याजवळचे हाड मोडले.

दुसऱ्या दिवशी कोचबाई लाँड्रीत आल्या. उंच, दणकट बाई, जिच्या आवाजाला धुण्याची यंत्रेही दबत. भिंगरी हात गळ्यात बांधून गठ्ठ्यांवर बसली होती. दादाने एवढे दिवस गिळलेले सगळे बाहेर काढले.

"तुमच्या त्या बिनब्रेकाच्या सायकलीनं तिचे पाय बिघडवलेत," तो म्हणाला. "रस्त्यावर कशी चालवायची तेच विसरली ती."

"विसरली नाही, गोंधळली," कोचबाई म्हणाल्या. "दोन्हीकडं पळणारा प्रत्येकजण एकदा गोंधळतो."

"एकदा? तिचं हाड मोडलंय! त्या बाई बघत होत्या, त्यांच्यासमोर पडली. आता जागा कशी मिळणार?"

"दादा," भिंगरी म्हणाली, "पडले मी. हात माझे, पाय माझे, विसरले मी. तू त्यांच्यावर का ओरडतोयस?"

"मग कुणावर ओरडू?"

"नकोच ओरडू. निळी दुरुस्त होईल का, तेवढं सांग."

निळी म्हणजे मी. हे ऐकून मला बरे वाटले, लगेच. दादा म्हणाला, "होईल." कोचबाई जाताना म्हणाल्या की हंगामाच्या शेवटी ट्रॅकवर एक मोठी स्पर्धा आहे, दुर्बीणवाल्या बाई तिथेही येतील, आणि हाड तोवर जुळेल. म्हणजे आता सगळे त्या एका दिवसावर आले. आणि तो दिवस बिनब्रेकीचा होता. माझ्यावरून पडून तिने जे गमावले, ते परत मिळवायचे माझ्या वैरिणीवर बसून! नाकात मिरची गेल्यासारखे झाले मला.

दादाने कारागिराकडून माझा पुढचा दांडा नवा बसवून आणला. हाड जुळले. स्पर्धेच्या दिवशी दादाने मलाही बरोबर घेतले. का? तर शर्यतीआधी खेळाडू ट्रॅकच्या मधल्या मोकळ्या जागेत रोलरवर सायकल चालवून अंग गरम करतात. जागच्या जागी चाके फिरतात, सायकल कुठेही जात नाही. गरम करायला मी आणि पळायला ती! तरी मी गेले. न जाऊन करते काय?

शर्यत होती 'शेवटची बाद'. नियम सोपा आहे. काही फेऱ्यांनी घंटा वाजते, आणि त्या फेरीत रेषेवरून जी सर्वांत शेवटी जाईल ती बाहेर. असे करत करत दोघी उरतात आणि मग त्यांच्यात निकाल. भिंगरी माझ्यावर गरम झाली, उतरली, बिनब्रेकीवर बसून दोन फेऱ्या मारायला गेली, आणि कट् असा आवाज आला. बिनब्रेकीच्या सीटखालची सळई तुटली होती. सीट एका बाजूला मान टाकून पडली.

पंच म्हणाले, थोडा वेळ देतो, पण थोडाच. कोचबाई दुसरी सीट मागायला पलीकडच्या संघाकडे धावल्या. दादा पाना हातात घेऊन उभा होता. त्याच्यासमोर मी होते, आणि माझ्यावर भिंगरीच्या बसण्याची, वर्षानुवर्षे रुळलेली सीट होती. त्याला काय करायचे ते कळले होते. पण तो हलला नाही.

मित्रांनो, त्या क्षणी माझ्या मनात काय आले ते लपवत नाही. ही सीट दिली नाही तर भिंगरी कुठेही जाणार नाही. ती घरी राहील. इस्त्रीला दादाच्या शेजारी उभी राहील, काम संपल्यावर त्याला सगळे सांगेल आणि सकाळी मला घेऊन फिरायला जाईल. मला हे सुचले तसे त्यालाही सुचले असले पाहिजे, कारण तो भिंगरीकडे बघत नव्हता. तो माझ्याकडे बघत होता.

"दादा," भिंगरी हळूच म्हणाली. एवढेच.

त्याने पाना लावला. इतक्या जोरात फिरवला की माझी नळी कळवळली. सीट निघाली. बिनब्रेकीवर चढली. त्याने कोपरापासून बोटांपर्यंत हात लावून उंची बघितली, घट्ट केली, वरून दोन बुक्के मारून तपासली. "बस," तो म्हणाला. "आणि कोपऱ्यात अडकू नकोस." त्या नाजूक पांढरीवर माझी ती जाड, तपकिरी, जुनाट सीट अशी दिसत होती की पलीकडच्या पोरी हसल्या. मला संतापही आला आणि थोडे बरेही वाटले. हसा म्हणावे. बसून बघा एकदा.

शर्यत सुरू झाली. मी सीटवाचून रोलरवर टेकून उभी, बोडकी, आणि समोर ती. घंटा वाजत गेली, एकेक मुलगी बाहेर पडत गेली. निम्म्या बाद झाल्यावर भिंगरी आतल्या बाजूला कोंडली गेली. पुढे दोघी, बाजूला एक, आणि घंटा वाजली. ट्रॅकवर वाढलेल्या मुली इथेच संपतात, असे कोचबाई ओरडून कुणाला तरी सांगत होत्या. पण भिंगरी घाबरली नाही. तिने शेजारणीच्या खांद्याला खांदा लावला, शांतपणे, दारातून गठ्ठा बाहेर काढावा तसा, आणि फटीतून सरकली. हे तिला बिनब्रेकीने शिकवले होते काय? आडव्या वाऱ्यात, गर्दीत, माझ्यावर बसून शिकली ती हे! मी ओरडून सांगितले असते, पण सायकलीला कोण विचारतो.

शेवटी दोघी उरल्या. दुसरी नावाजलेली होती. दोघी रेषेवर एकदमच आल्यासारख्या वाटल्या, पण नावाजलेलीचे चाक अर्ध्या हाताने पुढे होते. भिंगरी दुसरी आली. बिनब्रेकी हरली म्हणून मला आनंद झाला आणि भिंगरी हरली म्हणून माझा जीव कळवळला, आणि दोन्ही एकाच वेळी झाले. असले विचित्र हाल कुणाचे होऊ नयेत.

दुर्बीणवाल्या बाई खाली आल्या. "रस्त्यावर त्या दिवशी का पडलीस?" त्यांनी विचारले.

भिंगरीला अजून धाप लागली होती. "सायकल रस्त्याची होती आणि पाय ट्रॅकचे होते. ब्रेकऐवजी पाय लावले."

बाई हसल्या. "आमच्या बहुतेक मुली एकदा तशाच पडल्यात. मीही पडलेय. आज मात्र ट्रॅकचे पाय होते आणि गर्दीत शिरायची हिंमत रस्त्याची होती. मला दोन्ही पाहिजे होतं." त्यांनी हात पुढे केला. "हंगाम सुरू व्हायच्या आधी ये."

दादा वाकून रोलर आवरत होता. बराच वेळ आवरत होता. मग सरळ होऊन म्हणाला, "जा, आईला फोन कर आधी."

भिंगरी गेली. संघाने तिला दोन नव्या सायकली दिल्या म्हणे, हवेसारख्या हलक्या, एक रस्त्याची आणि एक ट्रॅकची. म्हणजे माझ्या जळण्याला आणखी दोघी मिळाल्या, पण ज्यांना बघितलेच नाही त्यांच्यावर मन लावून जळता येत नाही. जायच्या दिवशी ती मागच्या खोलीत आली, माझ्या हँडलवर हात ठेवून दादाला म्हणाली, "निळी आता तू चालव. मी तुझीच मागून घेतली होती."

"बघू," दादा म्हणाला.

मागून घेतलेली! मी एवढे सगळे केले आणि मी मागून घेतलेली वस्तू? तो अपमान मी कित्येक दिवस चघळला. दादाने मला परत खिळ्यावर टांगले. सीट बिनब्रेकीवरच राहिली. मी बोडकी आणि शेजारी ती, माझा मुकुट घालून. एक दिवस कोचबाई आल्या आणि क्लबाची सायकल म्हणून तिला घेऊन गेल्या. त्याआधी दादाने तिच्यावरची माझी सीट काढून फळीवर ठेवली. बोडकी होऊन ती दाराबाहेर गेली. ब्रेक नाही, सीट नाही, आणि आता भिंगरीही नाही. मला वाटले होते, या दिवशी मी आनंदाने उड्या मारीन. पण शेजारचा खिळा रिकामा झाला आणि खोली एकदम मोठी वाटायला लागली. जळायलाही कोणीतरी लागते, मित्रांनो.

दादा मात्र रोज येत होता. मी कुठेही जात नव्हते, तरी चेनला तेल घालत होता.

मग एक सुट्टीचा दिवस उजाडला. यंत्रे बंद, इस्त्री थंड. दादाने फळीवरची सीट उचलली आणि माझ्यावर बसवली. माझ्या मनात एकच विचार आला, भिंगरी येतेय! मी नुसती फुलून गेले. पण तो सीट वर ओढत राहिला. भिंगरीची खूण आली आणि गेली, तरी वर. हँडलही त्याने पुढे सरकवले. मी बुचकळ्यात पडले. मग तो मला बाहेर घेऊन आला आणि स्वतःच माझ्यावर बसला.

"कुठं निघालास?" आईने वरच्या खिडकीतून विचारले.

"इथंच. जरा चक्कर मारून येतो."

"जरा कशाला? चांगला लांब जा. चादरी कुठं पळून जात नाहीत."

तो निघाला. वजन वाढले होते, श्वास लागत होता. पहिल्या चढावर तो उभा राहिला तेव्हा माझी प्रत्येक नळी वाकून त्याला ओळखीचा नमस्कार करत होती, कारण मुळात त्याच्याच मापाने ती कापलेली होती. भिंगरीसाठी मी खाली घेतलेली, जवळ आणलेली, जुळवून घेतलेली होते. याच्यासाठी मला फक्त माझ्या मूळ मापावर परत यायचे होते.

"जड झालोय ना गं?" तो धापा टाकत म्हणाला.

इतकी वर्षे रोज समोर असून तो माझ्याशी पहिल्यांदा बोलत होता. आणि तेव्हा मला दिसले, मित्रांनो. रोज सकाळी भिंगरी आणि मी गाणी म्हणत निघायचो तेव्हा लाँड्रीच्या वाफाळलेल्या काचेमागे हा उभा असायचा. त्याची सायकल, त्याच्या मापाची, त्याच्या डोळ्यांसमोरून दुसऱ्याबरोबर जायची, आणि संध्याकाळी परत आली की तो तिची माती पुसायचा. बिनब्रेकीने माझे काय नेले म्हणून मी जन्मभर जळले. माझ्यावर जळायचा खरा हक्क ज्याला होता, तो मला रोज तेल घालत होता.

चढ संपला. तिथून मागे फिरायचे असे त्याने आईला सांगितल्यासारखेच होते. तो फिरला नाही. पुढचा रस्ता लांब आणि मोकळा होता, आणि आम्ही तो सगळा घेतला.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरात एखादी सायकल खिळ्यावर असेल तर तिची धूळ झटका, हवा भरा, चेनला तेल घाला. आम्ही कुरकुर करतो, पण चालतो. आणि तुमच्या घरात असा कोणी असेल जो सगळ्यांचे तेलपाणी करतो आणि स्वतः दारातच उभा राहतो, तर त्याला एकदा विचारा, "तुला कुठं जायचंय का?" तो 'बघू' म्हणेल. तेवढ्यावर सोडू नका. त्याच्या हातातले काम काढून घ्या आणि त्याला जाऊ द्या.